सोल्वेगचं रिकामं भांडं

चर्चच्या जेवणातून सोल्वेग टॉलेफसनचं भांडं भरलेलं परत गेलंय ते आयुष्यात फक्त दोनदा. पहिल्यांदा तिनं ते टॉवेलखाली झाकून नेलं, दुसऱ्यांदा उघडं नेलं. या दोन खेपांच्या मधल्या काळात जे घडलं ते मी सांगणार आहे. ते सांगताना मान खाली घालायची पाळी एकट्या सोल्वेगवर येणार नाही, माझ्यावरही येणार आहे.

सोल्वेग एकाहत्तर वर्षांची. उंच, रुंद, मनगटं पुरुषासारखी. एकतीस वर्षं तिनं आमच्या गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात काढली. माझी मुलं तिच्या हातचं जेवली आणि मुलांची मुलंही. मग शाळेत गोठवलेलं जेवण खोक्यांतून यायला लागलं, आणि खोकी फोडायला सोल्वेगची गरज नव्हती. तिला एक घड्याळ आणि एक केक देऊन निरोप दिला. केक दुकानातला होता. त्याबद्दल ती एक अक्षर बोलली नाही, पण तिनं तो खाल्लाही नाही, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

पुढच्याच वर्षी तिचा नवरा लाइल गेला. मुलगा ॲरिझोनात, रविवारी फोन करतो. मग सोल्वेगकडे राहिलं काय? ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी चर्चच्या तळघरात होणारं सुगीचं जेवण. त्या दिवशी आम्ही सगळ्या बायका घरून काहीतरी करून आणतो. भांड्याच्या तळाला चिकटपट्टी लावून त्यावर नाव लिहितो, म्हणजे भांडं ज्याचं त्याला परत मिळतं. सोल्वेग कधी पट्टी लावत नसे. तिचं भांडं सगळे ओळखायचे. जेवण सुरू झालं की ती कोट अडकवायच्या खुंट्यांपाशी उभी राहायची. कुणाशी तरी हवापाण्याच्या गप्पा मारायची आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून भांड्यावर नजर ठेवायची. शेवटचा तुकडा आमच्याकडे कुणी उचलत नाही. त्याचा अर्धा करतात, मग त्या अर्ध्याचा अर्धा, आणि बोटाएवढा तुकडा बिचारा तसाच पडून राहतो. सोल्वेगच्या भांड्यातला मात्र लोक उचलायचे. तेवढं दिसलं की ती जेवायला बसायची.

आता आमच्या चर्चच्या मंडळीत निम्म्या लोकांना मधुमेह. माझ्या नवऱ्याला, आर्विडला, वीस वर्षं झाली. चाळीस वर्षं त्यानं दुधाचा टँकर चालवला, आणि त्या चाळीस वर्षांत गाडीत चॉकलेटं लपवायच्या जेवढ्या जागा त्यानं शोधल्या तेवढ्या पोलिसांनाही सापडल्या नसत्या. शेवटी डाव्या पायाची दोन बोटं कापावी लागली. इस्पितळातून घरी आला तेव्हा म्हणाला, "आर्ली, आता पुरे. आता खोटं नाही बोलायचं." आणि सुधारला. मी साक्षीला आहे. एक वही केली, रोजचा रक्तातल्या साखरेचा आकडा आणि खाल्लेला घासन्‌घास त्यात लिहायला लागला.

अशा लोकांसाठी चर्च चालवणाऱ्या पास्टरबाईंनी जेवणाच्या दिवशी भिंतीलगत एक वेगळं टेबल मांडलं. वर कार्ड: साखर नाही. टेबलावर काय, तर थरथरणारी लाल जेली आणि बशीभर अक्रोड. तिकडे ताटली घेऊन जाणाऱ्याकडे लोक इस्पितळात भेटायला आल्यासारखे बघायचे. म्हणून पास्टरबाई सोल्वेगकडे गेल्या. "तुमच्या हातचं काहीतरी असू दे की त्या टेबलावर," म्हणाल्या. सोल्वेगनं मनावर घेतलं. लो-कार्ब, म्हणजे साखर-मैदा नसलेला चीजकेक करायचं ठरवलं. खाली बदामाच्या पिठाचा आणि अक्रोडाच्या चुऱ्याचा लोणी घालून दाबलेला थर, त्यावर क्रीम चीज, अंडी आणि आंबट साय, आणि सगळ्यात वर दलदलीतल्या मळ्यातून नुकत्याच काढलेल्या आंबट क्रॅनबेऱ्या, एका सफरचंदाच्या फोडींबरोबर शिजवून. दालचिनीचा वास असा की सोल्वेगच्या अंगणात उभं राहिलं तरी कळावं. साखरेच्या जागी दुकानात मिळते ती गोड पावडर.

दिसायला देखणा झाला. पण ती पावडर! आधी गोड लागते, मग जिभेवर गार झटका देते, आणि केक थंड झाला की दाताखाली कचकचते. लोकांनी एकेक घास घेतला. इथं कुणी कुणाच्या पदार्थाला वाईट म्हणत नाही. "वेगळं लागतंय हं, सोल्वेग," म्हणाले. याहून कठोर शब्द आमच्या चर्चमध्ये सैतानाबद्दलही निघत नाही. एकट्या आर्विडनं सगळा काप संपवला. संध्याकाळी तीन चतुर्थांश केक भांड्यात तसाच होता. सोल्वेगनं त्यावर टॉवेल टाकला आणि मागच्या दारानं निघून गेली. मी तिला थांबवलं नाही. मला वाटलं, न दिसल्यासारखं करणं हाच चांगुलपणा.

ही पहिली खेप.

पुढच्या वर्षी, म्हणजे गेल्या ऑक्टोबरात, तोच केक त्याच टेबलावर आला. पहिला घास घेतला आणि मी थबकले. गार झटका नाही, कचकच नाही. मऊ, गोड, वर क्रॅनबेरीचा आंबट चटका. अहो, साखरेच्या टेबलावरचे धडधाकट लोक उठून आजाऱ्यांच्या टेबलाशी रांग लावायला लागले. शेवटचा तुकडा चर्चचा कारभार बघणाऱ्या डीकननं उचलला, अर्धा न करता. आर्विडनं तीन काप खाल्ले. डोळे मिटून खाल्ले. वीस वर्षांत त्याचा असा चेहरा मी पाहिला नव्हता.

"सोल्वेग," तो म्हणाला, "हा मला दर आठवड्याला मिळाला तर मी शंभर वर्षं जगेन बघ."

"मग करते की," सोल्वेग म्हणाली. चेहरा लालबुंद झाला होता तिचा. मला वाटलं, कौतुकानं.

"कोणती पावडर घातलीस? मलाही सांग," मी विचारलं.

"जमलं एकदाचं," ती म्हणाली आणि खुंटीवरचा कोट काढायला वळली.

सोल्वेग आणि कृती सांगणार नाही? जी बाई आख्ख्या गावाला बनची कृती हातानं लिहून वाटते? मला ते खटकलं. इथंच, या मिनिटाला मला खटकलं होतं, हे मी आता कबूल करते. पण मैत्रिणीला दोनदा विचारणं वाईट दिसतं. मी गप्प बसले.

तेव्हापासून दर गुरुवारी दुपारी दोनला सोल्वेगची गाडी आमच्या दारात. छोटा चीजकेक, वर कधी क्रॅनबेरी, कधी नाशपातीच्या फोडी. आर्विड रोज एक काप खायचा आणि वहीत लिहायचा. आणि वहीतला आकडा चढायला लागला. एकशेतीसचा एकशेनव्वद. मग दोनशेतीस. मग दोनशेऐंशी.

"काय खाल्लंस?" मी विचारलं.

"काही नाही. तू केलेलं, आणि सोल्वेगचा केक."

"आर्विड."

"शपथ."

मी हसले. कसं हसले ते मला आठवतं, आणि आठवलं की अजून तोंड लपवावंसं वाटतं. मग मी त्याचे खिसे बघितले. गाडी झाडली. कोठाराच्या फळ्या हातानं चाचपल्या. गाडीच्या सीटमागं चॉकलेटचा एक कागद सापडला, उन्हानं पांढरा पडलेला. तो घेऊन मी स्वयंपाकघरात आले आणि त्याच्या नाकासमोर फडकवला.

"हे काय आहे?"

"जुनं आहे, आर्ली. रंग बघ त्याचा."

"वही कशाला लिहितोस मग? मला दाखवायला?"

वही मिटून त्यानं फळीवर ठेवली. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिलं: सोल्वेगचा केक, एक काप. बाकी काही नाही.

तो इतकं ठामपणे सांगायचा की खोटं बोलतोय असंही म्हणवेना. मग माझ्या डोक्यात दुसरंच भूत शिरलं. आर्विडचे वडील शेवटी शेवटी शेजाऱ्यांकडे पोटभर जेवून यायचे आणि घरी येऊन जेवण मागायचे. जेवल्याचं आठवायचंच नाही. शेवटची चार वर्षं त्यांनी मुलाचं नाव न ओळखता काढली. आर्विड जगात कशाला भीत असेल तर त्याला. मला हे ठाऊक होतं. आणि मी डॉक्टरांपुढे, आर्विड शेजारच्या खुर्चीत बसलेला असताना म्हणाले, "मला वाटतं, तो खातो आणि विसरतो."

आर्विड मांडीवरच्या टोपीकडे बघत राहिला. डॉक्टरांनी इन्सुलिन वाढवलं आणि स्मरणशक्तीच्या तपासणीसाठी सोमवारची वेळ दिली.

परत येताना गाडी मी चालवली. किल्ल्या घरी आल्यावरही माझ्याच पर्समध्ये राहिल्या. त्या शनिवारी हरणाच्या शिकारीचा मोसम सुरू होणार होता. बारा वर्षांचा असल्यापासून आर्विडचा एकही पहिला शनिवार चुकलेला नाही. मी माझ्या भावाला फोन करून सांगितलं की यंदा त्याला नेऊ नका, डोकं असं असताना हातात बंदूक नको. आर्विड मागे उभा होता हे मला फोन ठेवल्यावर कळलं. त्यानं खिळ्यावरचं शिकारीचं नारिंगी जाकीट काढलं, घडी घातली आणि खोक्यात ठेवून दिलं. भांडला असता तर बरं झालं असतं. खोक्याचं झाकण लावताना तो इतकंच म्हणाला, "बाबांनाही असंच वाटायचं नाही का, की आपण खरं बोलतोय."

दुसरा दिवस गुरुवार. दोन वाजता सोल्वेग आली. बूट दारात काढून, मोज्यांवर, हातात केक. आर्विड टेबलाशी बसून कागदावर घड्याळं काढत होता. एक गोल, आत बारा आकडे, दोन काटे. खोडून पुन्हा एक. टेबलभर घड्याळं झाली होती.

"हे काय चाललंय?" सोल्वेगनं हसून विचारलं. "नातवाचा अभ्यास?"

"माझा," आर्विड म्हणाला. "सोमवारी परीक्षा आहे. घड्याळ काढायला सांगतात म्हणे, दहा वाजून दहा मिनिटांचं. जमतंय का बघतोय. आर्लीला वाटतं मी बाबांसारखा होत चाललोय. खातो आणि विसरतो." मग कागदाकडे बघत म्हणाला, "मला तर सगळं आठवतं. पण त्यांनाही तसंच वाटायचं ना."

सोल्वेग भांडं हातात घेऊन तशीच उभी राहिली. मी म्हणाले, "ठेव की ते, कॉफी टाकते." तिनं ठेवलं नाही. कोट न काढता खुर्चीत बसली, भांडं मांडीवर. कोट घालून खुर्चीत बसलेली सोल्वेग मी लाइलच्या अंत्यविधीलाही पाहिली नव्हती.

"साखर आहे यात," ती म्हणाली.

"कशात?" मी विचारलं.

"यात. सगळ्यांत. चर्चच्या केकमध्येपण होती."

कॉफीचा डबा माझ्या हातात तसाच राहिला. आर्विडनं पेन्सिल खाली ठेवली.

"किती?" त्यानं विचारलं.

"दीड कप."

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी." ती आर्विडकडे नाही, घड्याळांकडे बघत बोलत होती. "पावडरीचा केला होता आधी. चाखला. परत तसाच. सगळे पुन्हा वेगळं लागतंय म्हणणार. म्हटलं एकदाच, एकदाच भांडं रिकामं जाऊ दे. एका कापात कितीशी साखर, काय होतंय एवढ्यानं. आणि मग तू म्हणालास, दर आठवड्याला."

"नाही म्हणता आलं नसतं?" मी ओरडले. ओरडलेच. "पावडरीचा करायला कुणी बंदी केली होती?"

"पावडरीचा आणला असता तर पहिल्या घासाला त्याला कळलं असतं, की आधीचा तो नव्हता."

"त्याची दोन बोटं गेलीयेत, सोल्वेग!"

"ठाऊक आहे मला."

"ठाऊक असून दर गुरुवारी आलीस? माझ्या हातची कॉफी प्यायलीस?"

"आले," ती म्हणाली. "दर बुधवारी ठरवायचे की उद्या सांगायचं. मग तो दारात उभा असायचा. इतका खूश." भांड्याची कडी खुळखुळ वाजत होती. "आकडे वाढतायत हे मला माहीत नव्हतं, आर्ली. तू बोलली नाहीस. पण विचारायला हवं होतं मी. भीतीनं विचारलं नाही."

खरं होतं. मी बोलले नव्हते. नवरा चोरून खातो हे मैत्रिणीला कोण सांगतं? तिनं तिची लाज झाकली, मी माझी, आणि मधल्यामध्ये तो माणूस साखर खात बसला होता.

मला वाटलं आर्विड चिडेल. निदान तेवढं तरी मला हवं होतं, म्हणजे आम्ही दोघं एका बाजूला झालो असतो. पण तो हळूहळू हसायला लागला. डोळ्यांतून पाणी आलं तरी हसतच होता.

"म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे," तो म्हणाला. "सोल्वेग, माझं डोकं ठिकाणावर आहे."

"आहे," ती रडत म्हणाली.

"मी काहीच खाल्लं नव्हतं."

"नव्हतं खाल्लंस."

मग त्यानं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर मी काही उत्तर दिलं असतं. तो नुसता बघत राहिला, मी आता काय म्हणते ते ऐकायला थांबल्यासारखा. मी कॉफी मापायला लागले. चमचे मोजताना दोनदा चुकले.

त्या दुपारी मला जे कळलं ते सोल्वेगबद्दल कमी आणि माझ्याबद्दल जास्त होतं. पहिल्याच घासाला माझ्या जिभेला कळलं होतं. पन्नास वर्षं स्वयंपाक करणारी बाई मी, साखर ओळखता येत नाही म्हणू कुणाला? पण टेबलावर कार्ड होतं, आणि कार्डामागे सोल्वेग होती. तिच्यावर शंका घेणं वाईट दिसलं असतं. नवऱ्यावर शंका घेणं सोपं होतं, त्याची सवय होती. छापील कार्डावरच्या दोन शब्दांवर मी विश्वास ठेवला, आणि ज्याच्याशेजारी सत्तेचाळीस वर्षं झोपले त्याच्या हाताच्या अक्षरावर ठेवला नाही.

मी पर्समधून किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या, घड्याळांच्या कागदांवर. त्यानं उचलल्या, उठला आणि खोक्यातून नारिंगी जाकीट काढायला गेला. "चुकले रे" हा शब्द मी त्या संध्याकाळी म्हणाले, पण पाठ वळवून, भांडी घासता घासता. तो "हं" म्हणाला.

केक सोल्वेग घेऊन गेली. दाराशी तिनं विचारलं, "मी पुन्हा येऊ का?" मी म्हणाले, "इतक्यात नको." हिवाळाभर ती आली नाही. आकडा मात्र दोन आठवड्यांत उतरला. सोमवारच्या तपासणीला आर्विड तरीही गेला. घड्याळ पहिल्या झटक्यात काढलं, वर डॉक्टरांना म्हणाला, "चाव्याही कुठं आहेत ते विचारा. खिशात आहेत."

वसंतात एके दिवशी आर्विडच म्हणाला, "सोल्वेगला बोलाव. एकटी बसत असेल." बोलावलं. ती पहिल्यांदा रिकाम्या हातानं आली. रिकाम्या हातांचं काय करायचं ते तिला कळेना.

आणि मग हा ऑक्टोबर. सुगीच्या जेवणाला सोल्वेग पुन्हा तेच भांडं घेऊन भिंतीलगतच्या टेबलाशी गेली. पास्टरबाईंचं छापील कार्ड बाजूला केलं आणि खिशातून स्वतःचं काढून ठेवलं. शाळेत जेवणाच्या पाटीवर लिहायची तशा मोठ्या अक्षरात: यात पावडर आहे. साखर नाही. मागच्या वर्षी होती, आणि मी नाही म्हणून सांगितलं. सोल्वेग टॉलेफसन.

लोक येत, वाचत, ताटलीकडे बघत. कुणी काही म्हणालं नाही, अर्थातच. डीकननं घसा खाकरला. काहींनी छोटा काप घेतला, काही अक्रोडांकडे वळले. सोल्वेग या वेळी खुंट्यांपाशी गेली नाही. टेबलामागेच उभी राहिली, सगळ्यांना दिसेल अशी. कान लाल झालेले, पण हलली नाही. जेवण संपलं तेव्हा अर्ध्याहून जास्त केक उरला होता. मी टॉवेल पुढे केला. "नको," ती म्हणाली, आणि ते भांडं उघडंच दोन्ही हातांत धरून, सगळ्या टेबलांच्या मधून, पुढच्या दारानं बाहेर पडली.

मला तिचा हेवा वाटला. तिची लाज एका कार्डावर मावली, आणि ते लावून ती मोकळी झाली. माझी तशी सुटलेली नाही.

कारण त्याच दुपारी आर्विडनं त्या केकचा एक काप घेतला होता. येऊन माझ्याशेजारी बसला, आणि खायच्या आधी ताटली माझ्यापुढे धरली. हे तो वर्षभर करतोय. घरी, दारी, भावाकडे. सकाळचं अंडं असो की मूठभर शेंगदाणे, आधी मला दाखवतो, मग खातो. टोमणा म्हणून नाही. टोमणा असता तर कधीच संपला असता.

"अरे, नको ना दाखवूस मला," मी हळूच म्हणाले. "माझा विश्वास आहे."

"असू दे," तो म्हणाला. "तू बघितलेलं बरं."

त्यानं ताटली तशीच धरून ठेवली. हात अवघडला तरी खाली घेईना. शेवटी मी बघितलं, आणि मगच त्यानं पहिला घास घेतला.